सुया तपासायची रेकॉर्ड

पार्सल मंगळवारी अकराच्या सुमारास आलं आणि फेलिम मलव्हीनं ते तासभर उघडलंच नाही. स्वयंपाकघरातल्या टेबलावर ते ठेवून तो त्याच्याभोवती घिरट्या घालत राहिला. चहा केला, तो निवू दिला. चुलीत पीटचे, दलदलीतल्या वाळल्या जळणाचे, दोन तुकडे सारले, पुन्हा बाहेर ओढले. तीस वर्षं ज्या वस्तूसाठी माणूस अर्ध्या अमेरिकेला पत्रं लिहितो, ती दारात येऊन पडली की हात धजत नाहीत. बाहेर आयर्लंडातल्या लीट्रिमचा नोव्हेंबर होता, म्हणजे उजेड म्हणावा असा चार दिवसांत पडला नव्हता.

आत त्याच्या वडिलांची रेकॉर्ड होती. ह्यू मलव्ही, फिडल, न्यूयॉर्क, १९२९. तिची एखादी प्रत जगात उरली आहे की नाही हेच कुणाला ठाऊक नव्हतं. बोस्टनमधल्या एका निवृत्त बंबवाल्याला ती कुणा मेलेल्या बाईच्या माळ्यावर सापडली, आणि त्या भल्या माणसानं ती दोन उशांच्या मध्ये घालून पाठवली होती.

फेलिम थांबला होता तो बहिणीसाठी. डेलिया त्याच्याहून सहा वर्षांनी मोठी. वडील अमेरिकेला गेले तेव्हा ती आठ वर्षांची होती आणि फेलिम दोन. म्हणजे ह्यू मलव्हीला समोर बसून वाजवताना ऐकलेलं, आणि ते आठवणारं, जगात आता एकच माणूस उरलं होतं, आणि ते माणूस मैलभर अंतरावर राहून कोंबड्या पाळत होतं. फेलिमनं पोस्टमनच्या तोंडी निरोप धाडला होता.

स्वतः फेलिमही फिडल, म्हणजे गावाकडचं व्हायोलिन, वाजवायचा, आणि चांगला वाजवायचा. पण पंचक्रोशीत त्याची ख्याती होती ती निराळीच. कुणाच्याही वाजवण्यात तो चूक काढायचा, आणि पुराव्यानिशी काढायचा. पबमध्ये एखादा बिचारा डोळे मिटून आजोबांची म्हणून एखादी चाल वाजवायचा, आणि ती संपायच्या आत फेलिम सांगून मोकळा, की ही तुझ्या आजोबांची नव्हे, ही शिकागोत सव्वीस साली निघालेल्या अमक्या रेकॉर्डीची मागची बाजू, हवी तर घरी ये, ऐकवतो. शेजारच्या जो पॅटनं तर त्यानंतर अॅकॉर्डियन पलंगाखाली सारला तो कायमचा. फेलिमला त्याचं वाईट वाटलं नाही. खरं ते खरं, असं त्याचं म्हणणं.

घरातल्या खालच्या खोलीत चार हजार रेकॉर्डी होत्या, लाखेच्या, जड, उभ्या लावलेल्या. त्याचं लग्न झालं नव्हतं. त्या खोलीत दुसरं माणूस मावणार कुठे, असं डेलिया म्हणायची.

या सगळ्या वेडाचं मूळ एका रेकॉर्डीत होतं. एकोणतीसच्या नाताळात वडिलांनी न्यूयॉर्कहून ती पाठवली. दोन वर्षांनी ते तिकडेच एका इमारतीच्या परांचीवरून पडून गेले. फेलिमला वडिलांचा चेहरा आठवत नव्हता, आवाज आठवत नव्हता. त्याच्यासाठी वडील म्हणजे तीन मिनिटांची ती रीलची, नाचाची जलद चाल, मामाच्या ग्रामोफोनच्या कर्ण्यातून येणारी. आईनं रेकॉर्डीच्या लेबलावर वडिलांचा छोटा फोटो चिकटवला होता, आणि मधलं भोक नेमकं टायच्या गाठीवर आलं होतं. फोटो गरगर फिरायचा आणि फेलिम कर्ण्याला कान लावून बसायचा. त्या रेकॉर्डीवरूनच तो वाजवायला शिकला, हरकत न् हरकत, गजाचा फटकारा न् फटकारा. एक्केचाळीस साली घरी नाच होता, त्या दिवशी कुणीतरी धपकन खुर्चीत बसलं आणि खुर्चीत रेकॉर्ड होती. पंधरा वर्षांचा फेलिम दोन दिवस जेवला नव्हता.

पुढे तो इतर रेकॉर्डी जमवू लागला तेव्हा त्याला ओवेन गिलरेन सापडला. गिलरेन म्हणजे त्या काळचा न्यूयॉर्कमधला बादशहा. आणि काय आश्चर्य, त्याचा गज थेट वडिलांसारखा चालायचा! फेलिमनं त्यावर सिद्धांतच उभा केला. हे दोघे एकाच गुरूच्या हाताखालचे, लीट्रिमचं एक हरवलेलं घराणं. बहात्तर साली रेडिओवाल्यांनी त्याला बोलावलं तेव्हा अर्धा तास तो हेच बोलला. ह्यू मलव्ही आणि ओवेन गिलरेन, जुळे भाऊ शोभावेत असे.

गिलरेनच्या एकतीस रेकॉर्डी त्याच्याकडे होत्या. त्यातल्या तीस सोन्यासारख्या. एकतिसावी मात्र भिकार. एकसष्ट साली ती एका गठ्ठ्यात आली होती. वाजवणारा दुसऱ्या भागात अर्धी मात्रा आधीच घुसतो, तेही दर वेळी. फेलिमचं निदान पक्कं होतं, गडी त्या दिवशी तर्र होता. ती पहिल्यांदा लावली तेव्हा आई पिठाचे हात घेऊन दारात आली होती. "कोण रे हा?" तिनं विचारलं. "गिलरेन. पिऊन पडायच्या बेतात," फेलिम म्हणाला. "असं होय," आई म्हणाली, आणि बाजू संपेपर्यंत तशीच उभी राहिली. आईसुद्धा हसायला आली, असा हा किस्सा तो पुढे रंगवून सांगायचा.

त्या रेकॉर्डीचे त्यानं दोन उपयोग केले. सोमवारच्या शिकवणीत ती तीन मिनिटं वाजायची, कसं वाजवू नये ते मुलांना कळावं म्हणून. आणि दुसरा उपयोग सुया तपासण्याचा. पोलादी सुयांच्या डब्यांत कधीकधी खराब माल निघतो आणि चांगल्या रेकॉर्डीची चर फाडून टाकतो. म्हणून नवा डबा आला की त्यातली पहिली सुई फेलिम या भिकार रेकॉर्डीवर लावायचा. वीसबावीस वर्षांत ती राखाडी पडली होती. गाण्यापेक्षा खरखर जास्त.

डेलिया बाराला आली. ओला कोट तिनं काढला नाही, खुर्चीच्या कडेवर टेकली.

"उघडलं नाहीस अजून?"

"तुझी वाट बघत होतो."

"माझी कशाला? मला काय कळतंय त्यातलं."

"डेलिया, तू ऐकलंयस त्यांना. प्रत्यक्ष. मी काय, ऐकीव माल."

फेलिमनं सुरीनं दोरा कापला, उशांच्या मधून रेकॉर्ड काढली, शर्टाच्या बाहीनं पुसली. हिरवं लेबल जसंच्या तसं होतं. वडिलांचं नाव छापील अक्षरात त्यानं आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. नावाखाली चालीचं नाव: 'बांधावरची कोकरं'.

"हे बघ. 'बांधावरची कोकरं'. आपल्या प्रतीवर हे नाव फोटोखाली झाकलं गेलं होतं. पण ती चाल तर..."

"लाव तू," डेलिया म्हणाली.

खालच्या खोलीत ग्रामोफोनला चावी देऊन त्यानं सुई टेकवली; डेलियाही मागोमाग येऊन खुर्चीत बसली. थोडी खरखर झाली, मग फिडल. बेचाळीस वर्षांनी, आणि एकही हरकत त्याच्या आठवणीपेक्षा वेगळी नव्हती. फेलिमचे डोळे भरून आले आणि त्याला त्याची लाज वाटली नाही. बाजू संपेपर्यंत तो उभाच होता. डेलिया खिडकीकडे बघत होती.

"तेच आहेत," तो म्हणाला. "तेच. पण कंपनीच्या त्या कारकुनाला मात्र फटके द्यायला हवेत. लेबलावर 'कोकरं', आणि वाजतंय 'सांडलेलं ताक'! या लोकांना एक रील दुसरीपासून ओळखता यायची नाही. मी शिकवणीत सांगतो ना ती गंमत, गिलरेनच्या त्या भिकार रेकॉर्डीची? तिच्यावर छापलंय 'सांडलेलं ताक' आणि वाजतंय..."

तो थांबला. ही गंमत त्यानं शंभर वेळा सांगितली होती आणि शंभर वेळा लोक हसले होते.

"वाजतंय काय?" डेलियानं विचारलं.

"'बांधावरची कोकरं'," फेलिम म्हणाला.

सुया तपासायची रेकॉर्ड ग्रामोफोनशेजारी उघडीच पडलेली असायची, पाकीटसुद्धा तिच्या नशिबी नव्हतं. ती उचलून फेलिमनं दोन्ही रेकॉर्डी खिडकीशी नेल्या. लेबलाच्या कडेला, चर संपते तिथे, ध्वनिमुद्रणाचा आकडा खरवडलेला असतो. असे आकडे टिपून ठेवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. एकीवर शेवटी एक्केचाळीस, दुसरीवर बेचाळीस. एकच दिवस, एकच खोली, एकामागून एक दोन माणसं. आणि लेबलं चिकटवणाऱ्याच्या हातून दोन गठ्ठ्यांची अदलाबदल. नुसती चालींची नावं चुकली नव्हती. माणसंही चुकली होती.

दुसऱ्या कुणी हे केलं असतं तर फेलिमनं टाळ्या वाजवल्या असत्या, इतका तो पुरावा बिनतोड होता.

"मग आपल्या घरी होती ती..." तो खुर्चीत बसला. "डेलिया, ती गिलरेनची होती. मी गिलरेनकडून शिकलो. मी रेडिओवर जाऊन सांगितलं, दोघांचा गज एक म्हणून. एक असणारच की! एकच माणूस होता तो!"

डेलियानं आता कोट काढला आणि मांडीवर घडी घालून ठेवला.

"मला ठाऊक होतं," ती म्हणाली.

"काय ठाऊक होतं?"

"हे लेबलाचं वगैरे नाही. पण ते डॅडींचं वाजवणं नाही, एवढं ठाऊक होतं. ती पहिल्यांदा लावली ना, मी लगेच मॅमीला म्हटलं, डॅडी असं नाही वाजवत. मॅमी म्हणाली, अमेरिकेनं त्याला वळण लावलंय. आणि तुझ्याकडे बघून म्हणाली, त्याच्यापाशी बोलायचं नाही. तू साडेतीन वर्षांचा, आणि बादलीत तोंड घातलेल्या वासरासारखा त्या कर्ण्यात घुसलेला. मग राहिलंच बोलायचं."

"चोपन्न वर्षं?"

"तू विचारलंस कधी? तू सांगायचास, फेलिम. तू विचारायचा नाहीस."

त्यानं भिकार रेकॉर्ड ग्रामोफोनवर ठेवली आणि चावी दिली. नवी सुई घालायचं त्याच्या लक्षातही आलं नाही, होती तीच टेकवली. कढईत काही तळत असावं तशी खरखर सुरू झाली. तिच्या तळाशी कुठेतरी एक फिडल वाजत होतं. डेलिया उठून कर्ण्याजवळ गेली, वाकली. पहिला भाग दोनदा झाला. मग दुसरा भाग आला, अर्धी मात्रा आधी, उंबऱ्याला पाय लागून कुणी घरात यावं तसा.

डेलिया हसली. तोंडावर हात ठेवून, लहान मुलीसारखी हसली, आणि हसता हसता रडू लागली.

"हेच! हेच ते! अरे, मॅमीसाठी करायचे ते. घरी नाच असला की मॅमी नाचायची, आणि नाचत नाचत चुलीपाशी आली की हे मुद्दाम आधी शिरायचे. तिचं पाऊल चुकायचं. मग ती सगळ्यांदेखत शिव्या घालायची, तुझा मुडदा बसवला ह्यू मलव्ही, म्हणून, आणि सगळं घर हसायचं. दुसऱ्या कुणी नाचत असलं की नाही हं करायचे. फक्त तिच्यासाठी."

फेलिम ऐकत राहिला. सोमवारच्या मुलांना तो म्हणायचा, ऐका, इथे बेवड्याचा पाय घसरला.

"रेकॉर्डीबरोबर पत्र होतं," डेलिया डोळे पुसत म्हणाली. "मॅमीला नीट वाचता यायचं नाही, मीच वाचून दाखवलं. अॅनी, 'बांधावरची कोकरं' वाजवलंय, आणि दुसऱ्या भागाला कान देऊन ऐक, आपलं पाऊल सांभाळ. एवढंच. मग मामानं रेकॉर्ड लावली. मॅमी मधोमध उभी, सगळे तिच्याकडे बघताहेत. आणि दुसरा भाग आला तो अगदी वेळेवर. चालसुद्धा दुसरीच. मॅमी म्हणाली, छान आहे. दुसऱ्या दिवशी तिनं चालीच्या नावावर फोटो चिकटवला, आणि त्यानंतर रेकॉर्ड लागली की ती कोंबड्यांना दाणे टाकायला जायची. तुला वाटायचं तिला दुःख होतं म्हणून."

"पत्र कुठे आहे?"

"तिच्याबरोबर गेलं. पेटीत ठेवायला तिनंच सांगितलं होतं. तुला म्हणून दाखवलं नाही. तू ते काचेत लावलं असतंस."

लावलं असतं, फेलिमला मान्य होतं. त्यानं भिंतीवरचं फिडल काढलं. का काढलं ते त्यालाही सांगता आलं नसतं. खुंट्या पिळून त्यानं 'कोकरं' सुरू केलं. पहिला भाग, पुन्हा पहिला भाग, आणि आता आधी शिरायचं होतं, अर्धी मात्रा, फार नाही. गज वेळेवर पडला. त्यानं पुन्हा सुरुवात केली. पुन्हा वेळेवर. तिसऱ्यांदा त्यानं दात आवळून गज आधी ओढला तर चालच मोडली, नुसता आवाज निघाला. सत्तावन्न वर्षांच्या हातानं आयुष्यभर हीच एक चूक टाळायचा सराव केला होता, आणि आता तो हात ऐकायला तयार नव्हता.

"राहू दे," डेलिया म्हणाली. "तीच लाव पुन्हा. एकदा ऐकते आणि जाते, कोंबड्या बाहेर आहेत."

"झिजलीय गं ती. प्रत्येक खेपेला आणखी झिजते. मीच झिजवली."

"मग नवी सुई घाल. नव्या सुईनं कमी झिजते म्हणतोस ना?"

फेलिमनं ग्रामोफोनखालचा खण ओढला. खण जड होता, नेहमीच जड असायचा. आत सुयांचे पत्र्याचे छोटे डबे होते, पाचपाचच्या चळती लावलेले, साठ तरी असतील. आईनं आणलेले. एकसष्टपासून ती गेली त्या सहासष्टपर्यंत, दर महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी ती बसनं कॅरिकला डॉक्टरकडे जायची आणि येताना तिथल्या एका सायकलवाल्याकडून एक डबा घेऊन यायची. स्वतःला मोजे घ्यायची नाही, पण डबा चुकायचा नाही. माझ्या वेडाला घरात एकच आश्रय, असं फेलिम तिच्याबद्दल कौतुकानं सांगायचा. तिला तो कितीदा म्हणाला होता, मॅमी, कयामतीपर्यंत पुरतील एवढ्या सुया झाल्या, आता पुरे. आणि ती दर वेळी डबा त्याच्या पुढ्यात ठेवून तेच म्हणायची. वाईट निघतात म्हणे कधीकधी. लावून बघ.

त्यानं एक डबा उघडला. दोनशे सुयांच्या डब्यात एकच सुई कमी होती. दुसरा उघडला. एकच सुई कमी. तिसरा.

एका सुईची एक बाजू, तीन मिनिटं. मग तो रेकॉर्ड काढून बाजूला ठेवायचा आणि म्हणायचा, चांगल्या आहेत. पिठाचे हात घेऊन ती दारात उभी असायची, नेहमीच असायची, आणि तो पाठमोरा. एकदा ती म्हणाली होती, त्या बेवड्याची अजून एकदा लाव ना. आणि त्यानं समजावून सांगितलं होतं की मॅमी, ती ऐकायची रेकॉर्ड नव्हे, थांब, तुला गिलरेनची चांगली ऐकवतो.

"काय झालं?" डेलियानं विचारलं. "सुया नाहीत?"

"आहेत," फेलिम म्हणाला. "पुष्कळ आहेत."

त्यानं डब्यातली एक सुई घेतली आणि ती बसवून रेकॉर्डीवर टेकवली. मग तो ग्रामोफोनपासून बाजूला झाला आणि आई उभी राहायची तिथे, दारात जाऊन उभा राहिला.